चौथे माप

मी एक जुना पत्र्याचा पेला आहे, मित्रांनो. दिसायला अगदीच सुमार. काठ वाकडा, पोटाला एक पोचा आणि कानाजवळ गंजाचा तांबडा ठिपका. तरीही फळीवरच्या काचेच्या पेल्यांपुढे मी कधी मान खाली घातली नाही. त्यांच्यातून लोक पाणी पितात. माझ्यातून एक घर आपली भूक मोजत आले आहे.

माझा जन्म कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याच्या हातून झाला. तेलाचे रिकामे डबे कापून तो नरसाळी, गाळण्या, झाकणे असे काहीबाही बनवायचा. एके सकाळी नुकताच संसार मांडलेली एक तरुणी पिशवीत थोडे धान्य घेऊन त्याच्यापुढे येऊन बसली.

"काठापर्यंत भरला की एका माणसाचं दिवसाचं पोट भरलं पाहिजे. असा पेला करून द्या," ती म्हणाली.

"ताई, मी पत्रे कापतो. माझ्याकडे काय सोनाराचा काटा आहे?"

"मग कापत राहा. मी आहे बसलेली."

तिने पिशवीतले धान्य माझ्यात ओतून पाहिले आणि दोनदा माझा काठ कापायला लावला. तो वाकडा आहे तो त्यामुळे. पत्रेवाल्याने कपाळाला हात लावला, पण माप मात्र बिनचूक झाले.

ती तरुणी माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली. चाळीस वर्षे रोज तिचा अंगठा एकाच जागी दाबला जाऊन माझ्या पोटाला पोचा पडला. त्या पोच्यात दुसऱ्या कुणाचा अंगठा बसत नाही, हे लक्षात ठेवा. तिचे नियम तीन. माप सपाट घ्यायचे, शीग चढवायची नाही. घेतलेल्या प्रत्येक मापातली एक चिमूट डब्यात परत टाकायची. आणि मला कधी पालथे घालायचे नाही. "पालथा पेला दिसला की घरातली भूक जागी होते," असे ती म्हणायची.

तिचा मुलगा पुठ्ठ्याची खोकी शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होता. एका सोमवारी तो कामावर गेला, तर फाटकाला कुलूप. आठवडाभर तो रोज डबा घेऊन त्या फाटकापर्यंत जाऊन परत येत होता. मग घराला रेशनचे कार्ड मिळाले. धान्य, डाळ, तेल, महिन्यातून एकदा, माणशी ठरलेले.

सूनबाई पहिल्यांदा रांगेला जाताना पार शरमून गेली होती. म्हातारी म्हणाली, "नाक मुरडायचं नाही आणि हावरटपणाही करायचा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे. आणि अंथरूणच आखूड असलं तर पाय पोटाशी घ्यावे. झोप तेवढीच लागते."

मग तिने सुनेला सगळे शिकवले. वाटपाच्या पहिल्याच दिवशी जायचे, कारण शेवटी पोत्याच्या तळाची माती वाट्याला येते. आणलेले धान्य आधी उन्हात पसरायचे, मगच डब्यात भरायचे. तुटके दाणे वेगळे काढून दळायचे. डाळ सकाळी भिजत घालायची म्हणजे ती फुगते आणि शिजायला जळण कमी लागते. शिजल्याचे पाणी ओतून न देता त्यात पीठ मळायचे. तेल बाटलीने ओतायचे नाही, चमच्याने घ्यायचे. आणि रोज दुपारी चार वाजता, स्वतःची झोप झाली की, म्हातारी उठून पुढच्या दिवसभरासाठी चार मापे मोजायची. मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि ती स्वतः. नातीची बडबड उठल्यापासून झोपेपर्यंत चालायची, म्हणून तिला घरात टकळीच म्हणत.

एका दुपारी म्हातारी "जरा पडते" म्हणाली आणि चार वाजले तरी उठली नाही.

मुलगा रडला नाही. चौथ्या दिवशी त्याने आईची खाट भिंतीला लावली, तिची लोखंडी पेटी खाटेखाली सरकवली आणि सांगितले, "याला कुणी हात लावायचा नाही." नोकरी गेल्यापासून त्याचे बोलणे कमी झालेच होते. आता उरलेसुरलेही गेले.

त्याच आठवड्यात वाटप आले. म्हातारी मला दरवेळी रेशनच्या केंद्रावर न्यायची, तिथले वजन ताडून पाहायला. त्या सवयीने सूनबाईनेही मला पिशवीत टाकले. म्हणून पुढचे सगळे मी पिशवीच्या तोंडातून पाहिले-ऐकले. खिडकीतल्या कारकून बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि आपुलकीने विचारले, "आज आजी कुठे?"

 मागे पन्नास माणसे उभी. तिथे रडू फुटेल या भीतीने सूनबाई पटकन म्हणाली, "झोपल्यात."

"बरं, झोपू द्या. चौघांचं देते."

तिचा हात धरून उभ्या असलेल्या टकळीने मान वर करून आईकडे पाहिले.

मित्रांनो, मी सूनबाईला दोष देत नाही. तो शब्द तिच्या दुःखाने काढला होता. घरी येईपर्यंत मात्र तिच्या मनाने हिशेब केला, की एक वाटा जास्तीचा आला, त्याचे पीठ टकळीच्या न्याहारीला होईल. भुकेल्या घरात असले विचार बोलवावे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामे होते. मुलगा काम शोधायला, सूनबाई शिवणाच्या कामाची चौकशी करायला, टकळी शाळेत. उन्हाची तिरीप जमिनीवर स्वस्थ पडली होती. बरोबर चार वाजता खाट करकरली.

मी फळीवर उभा होतो. धान्याच्या डब्याचे झाकण अलगद उघडले. मग एका हाताने मला उचलले. तो हात विहिरीतून नुकत्याच काढलेल्या घागरीसारखा गार होता. मला काही दिसले नाही. पण अंगठा थेट माझ्या पोच्यात बसला आणि मला कळून चुकले.

हाताने एक माप घेतले. सपाट. एक चिमूट डब्यात परत टाकली. मला पुसून जागच्या जागी ठेवले, उभे. झाकण लागले. पुन्हा खाट करकरली आणि तिरीप होती तिथेच होती.

झोपलेले माणूस उठणारच की हो! कुणी तरी सर्वांसमक्ष सांगितले होते ना, की ती झोपली आहे?

हे रोज चालू झाले. सूनबाई सकाळी तीन मापे घ्यायची, चार वाजता चौथे निघायचे. तिने चिमूट परत टाकणे सोडून दिले होते. "चिमटीनं काय होतंय," असे ती स्वतःशीच पुटपुटायची. महिना संपायच्या आधी निदान एक मोठे पातेले भरून धान्य उरायला हवे होते. उरले नाही. डब्याचा तळ ठरल्या दिवशीच दिसला. दुसऱ्या महिन्यातही तसेच.

"अहो, तुम्ही डब्यातलं काही घेता का?" तिने एकदा नवऱ्याला विचारलेच.

"मी? कशाला?"

"मग चौघांचं धान्य तिघांना पुरतं कसं नाही?"

त्याने खाटेकडे पाहिले आणि तो उठून बाहेर गेला. सूनबाईने उंदीर शोधले, शेजारणीवर संशय घेतला, झाकणावर वरवंटा ठेवला. चार वाजता वरवंटा मुकाट्याने बाजूला व्हायचा. आणि मी, ज्याने आयुष्यभर मापात पाप केले नाही, तो तोंड असून मुका होतो.

दूध-भाजी नोकरीबरोबरच गेली होती आणि न्याहारीचे पीठ काही झालेच नाही. सूनबाई स्वतःच्या पानातले लेकीला वाढू लागली, तरी टकळीची टकळी थांबत चालली. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, की मुलगी वर्गात डोके टेकून बसते. सोबत शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा अर्ज होता. त्याच्या तळाशी लिहिले होते, घरी येऊन माणसांची तपासणी होईल. सूनबाईने ती ओळ तीनदा वाचली, अर्जाची सुरळी केली आणि माझ्या पोटात खोचून ठेवली. इतके हलके ओझे मला कधी इतके जड झाले नव्हते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी शाळा एक दिवस लवकर सुटली. टकळी घरी एकटीच होती. चार वाजता तो हात आला, त्याने अर्जाची सुरळी काढून फळीवर ठेवली आणि आपले माप घेतले. पोरगी भिंतीला पाठ लावून बघत होती. ती ओरडली नाही.

संध्याकाळी तिने चार ताटल्या मांडल्या.

"ही चौथी कुणाची?" आईने विचारले.

"आजीची. ती चारला उठते. पण बोलत नाही गं आता. नुसतं मोजते." मग जरा थांबून ती म्हणाली, "आई, तूच म्हणालीस ना, ती झोपलीय? मग तिला भूक लागणारच."

सूनबाईच्या हातातला डाव खाली पडला. तिने मला उचलले, डब्याच्या झाकणाकडे पाहिले, खाटेकडे पाहिले.  खोटे उघडे केले तर कार्डच जाईल आणि टकळीला उद्या खायला काय घालायचे, ही एक भीती. आणि खोटे तसेच ठेवले तर या घरात रोज चार वाजत राहणार, ही दुसरी.

दुसऱ्या दिवशी वाटप होते. पुन्हा मी पिशवीत, पुन्हा तीच खिडकी, मागे तीच रांग.

"आजी बऱ्या आहेत ना?" कारकून बाईंनी विचारले.

"गेल्या," सूनबाई म्हणाली.

"कुठे गेल्या?"

"वारल्या. तीन महिने झाले. मी खोटं सांगितलं होतं."

 कारकून बाईंनी चष्मा काढला. मला वाटले, आता कार्ड फाटणार.

"चूक केलीत," त्या म्हणाल्या. "जास्तीचं घेतलेलं कापून घ्यावं लागेल. पुढचे दोन महिने निम्मंच मिळेल, त्याला माझा इलाज नाही. पण मला सांगा, नोकरी गेल्याचा कागद का नाही आणून दिलात? अशा घरांना सहा महिने डाळ-तेल वाढवून मिळतं. आणि मुलीचं शाळेतलं जेवण? अर्ज नाही भरला?"

"घरी तपासायला येतात ना..."

"अहो, काय तपासतात? घरात किती माणसं आहेत, एवढंच."

सूनबाई तिथेच खाली बसली. एका खोट्या वाट्यापायी, कागदांना भिऊन, तिने हक्काचे दोन वाटे तीन महिने दाराबाहेर उभे ठेवले होते. कारकून बाईंनी दोन्ही कागद तिच्याकडून तिथल्या तिथे भरून घेतले. पण वाढीव डाळ पुढच्या महिन्यापासून, शाळेतले जेवण तपासणीनंतर. पिशवीत निम्मेच धान्य घेऊन ती घरी आली.

"मी सांगून आले," ती नवऱ्याला म्हणाली. "आई गेल्या म्हणून सांगितलं. आता दोन महिने निम्मं धान्य. कसं करायचं?"

 तीन महिन्यांत पहिल्यांदा तो आईच्या खाटेवर बसला. "गेली गं," तो म्हणाला, "आई गेली माझी." आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. टकळीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

रडून झाल्यावर त्याने आईची शाल काढायला पेटी ओढली. ती हलेना. दोघांनी मिळून ओढली, कडी काढली. वर शाल होती. शालीखाली उशीचे अभ्रे, एकेकाच्या तोंडाला घट्ट गाठ मारलेली. सुनेने एक गाठ सोडली आणि धान्याचे दाणे तिच्या हातांवर घरंगळले. स्वच्छ, निवडलेले, उन्हाचा वास असलेले.

 मग तिने मला आणले आणि मोजायला बसली. मी त्या दुपारइतका कधी भरलो नाही आणि रिता झालो नाही. नव्वद दिवस झाले होते, म्हणजे नव्वद मापे हवीत. जेवढे कापले जाणार होते तेवढीच. ऐंशी झाली. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी झाली आणि अभ्रे संपले.

"दोन मापं कमी आहेत," ती पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाली. "खाल्ली असतील का त्यांनी?"

नवऱ्याने मान हलवली.  "चिमूट," तो म्हणाला. "आई रोज चिमूट परत टाकायची."

त्या गडबडीत चार वाजून गेले होते. खाट करकरली नव्हती. सूनबाईने हळूच नव्या धान्याची तीन मापे मोजली आणि प्रत्येक मापातली एक चिमूट डब्यात परत टाकली.

पेटीतल्या धान्याने ते दोन महिने निभावले. मुलाला पुढे एका बेकरीत काम मिळाले. टकळी शाळेत जेवते आणि तिची टकळी पुन्हा इतकी सुरू झाली आहे, की बाईंची वेगळी चिठ्ठी आली. घरात आता रेघा आखलेले प्लॅस्टिकचे माप आले आहे आणि मी फळीच्या टोकाला गेलो आहे. कधीमधी माझ्यात पेन्सिली ठेवतात. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू? दुपारी चार वाजता मी अजूनही जरा ताठ उभा राहतो. तो गार अंगठा पुन्हा कधी आला नाही. भीती वाटायची तेव्हा वाटायची, पण आता त्याची आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना पेला असेल तर त्याला अडगळीत टाकू नका आणि पालथा तर मुळीच घालू नका. हक्काचे असेल ते मान वर करून मागा, मिळेल ते जपून पुरवा. आणि घरात माणसे किती, असे कुणी विचारले तर खरी तेवढीच सांगा. खोटे मोजलेले माणूससुद्धा जेवणाच्या वेळेला घरी येते. सगळ्यांचीच माणसे माझ्या म्हातारीसारखी नसतात.