चौथ्या पट्टीतला कोसरू

क्रीडाविज्ञानाची पदवी घेऊन हरिणीला जेमतेम चार महिने झाले होते, आणि हूटगळ्ळीच्या फुटबॉल अकादमीत तेरा वर्षांखालच्या मुलींची निवडचाचणी तिच्यावर एकटीवर येऊन पडली होती.

चाचणी तशी साधी. प्रत्येकीच्या पट्टीत वीस मीटरवर दोन शंकू. बीप वाजला की पळायचं आणि पुढचा बीप वाजायच्या आत समोरचा शंकू गाठायचा. ती एक फेरी. मग वळून परत. बीप हळूहळू घाईवर येतात. दोनदा उशीर झाला की बाहेर. एक्कावन्न फेऱ्या केल्या तरच प्रवेश.

चौथ्या पट्टीतली तारा अठ्ठेचाळीस फेऱ्यांवर बाहेर पडली आणि गुडघ्यांत तोंड खुपसून बसली. तिचे आजोबा भुजंगराव त्याच मैदानाची देखभाल करत. दोन वर्षं नातीला रोज पहाटे इथं पळवत आणणारे तेच. ते लांबूनच पाहत राहिले, जवळ आले नाहीत.

हरिणीला मात्र चैन पडेना. तीस मीटरच्या धावेत तारा सगळ्यांत पुढे होती. बाहेर पडल्यावर मिनिटभरात तिची नाडी सगळ्यांच्या आधी खाली आली होती. इंजिन एवढं चांगलं, मग गाडी उशिरा का पोचते? तिनं वही उलटली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘तारा अर्ध्या वाटेत पुढे, शंकूपाशी मागे.’ प्रत्येक वेळी?

ती टेप घेऊन चौथ्या पट्टीत गेली. एकवीस मीटर चौतीस सेंटिमीटर! बाकीच्या तिन्ही पट्ट्या बरोबर वीस.

“भुजंगराव, ही पट्टी कुणी आखली?”

“मीच की, मॅडम. तीन झाल्या आणि तुम्ही टेप उडीच्या चाचणीला नेली ना, मग ही पावलांनी मोजली. आमचं घराणं म्हैसूरच्या फौजेतलं. पाऊल म्हणजे तीस इंच, तसूभर फरक नाही. सव्वीस पावलं, आणि वर...” ते अडखळले. “वर दोन पावलं कोसरू.”

बाजारात फुलवाली मोगरा मोजून झाल्यावर चार बोटं जास्तीचा देते, तो कोसरू.

“इथं कशाला कोसरू?”

“नात पळणार होती त्या पट्टीत. उद्या कुणी म्हणालं, आज्यानं पट्टी आखूड आखली, तर? आमच्यात माप कमी भरलेलं चालत नाही, अम्मा.”

ताराचं डोकं झटकन वर आलं. “अय्यो अज्जा! मी काय मोगऱ्याची माळ आहे?”

हरिणीनं तिथंच उभ्या उभ्या गुणाकार केला आणि मुख्य प्रशिक्षक रघूत्तम सरांकडे धावली. “सर, एक्कावन्न फेऱ्यांचे एक हजार वीस मीटर होतात. ही एक हजार चोवीस पळाली आहे!”

“गणित पळत नाही, हरिणी,” सर म्हणाले. “उद्या सकाळी तिला पळव. माझ्यासमोर.”

दुसऱ्या दिवशी टेपचं एक टोक हरिणीनं धरलं, दुसरं भुजंगरावांनी. तीनदा मोजलं. ताराला सोबत म्हणून आणखी तिघी आपणहून पळायला उभ्या राहिल्या.

अठ्ठेचाळिसाव्या फेरीला भुजंगरावांनी डोळे मिटून घेतले. एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न! मुलींनी मैदान डोक्यावर घेतलं.

“साकु गं, पुरे, झालीस पास!” सर ओरडले.

तारा थांबलीच नाही. सत्तावन्नाव्या फेरीनंतर मात्र ती गवतावर आडवी झाली.

“आता या वरच्या सहा कशाला?” सरांनी विचारलं.

“कोसरू, सर,” ती धापा टाकत म्हणाली. “अज्जाला परत.”

हरिणीनं वहीत सत्तावन्नचा आकडा लिहिला. भुजंगराव टेप गुंडाळत होते. एरवी मिनिटाचं काम, पण आज ती सारखी हातातून सुटत होती.