हायाशिदासाहेबांचं गाणं

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. उल्हासच्या पाठीचा ब्रह्मराक्षस त्या नोव्हेंबरात रोज त्याच्याच गाडीत बसून ऑफिसला येत होता. साल २००८. मोटारींचा धंदा पार बसलेला. अमेरिकेतल्या नोव्हाय गावी ज्या जपानी कंपनीत उल्हास सीटबेल्टचे भाग डिझाइन करायचा, तिथे सोमवारी काही जणांना नारळ मिळणार अशी कुणकुण होती. नारळ मिळाला की नोकरीपाठोपाठ व्हिसाही जाणार आणि इन्शुरन्सही. बायकोला, स्वानंदीला, तर आठवा महिना लागलेला. विमानाचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे राहायची सोय नाही आणि जायचीही नाही.

हे त्याने बायकोला सांगितलं होतं का? छे! 'या दिवसांत तिला उगाच टेन्शन कशाला', हे समस्त नवऱ्यांचं ठेवणीतलं शहाणपण. घरी आला की तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बाळाच्या क्रिबचे स्क्रू पिळत बसायचा.

अशा माणसाला युक्ती सुचली की समजावं, आता घोळ होणार.

त्याचे साहेब हायाशिदा-सान साठीला टेकलेले आणि महामितभाषी. पण टीम कराओकेला गेली की सगळ्यांत शेवटी ते उठत, डोळे मिटत आणि त्यांच्या तरुणपणीचं एक गाणं म्हणत. बंदरावर एक माणूस उभा आहे. जिच्यावर त्याचा जीव जडलाय ती मुलगी बोटीने निघालीय. तिला यातलं काहीच ठाऊक नाही, आणि हा पठ्ठ्या एक शब्द बोलत नाही. बोट निघून जाते. संपलं गाणं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तानाबेने त्याचा अर्थ सांगितला होता. त्यांच्याकडे त्या काळी असली एकतर्फी प्रेमाची गाणी घरोघर वाजायची म्हणे.

उल्हास पुण्याच्या कॉलेजात भावगीतांच्या स्पर्धा जिंकलेला गडी. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या आवडीचं गाणं त्यांच्यापुढे म्हटलं की ते खूश होतात, मान डोलावतात, 'पुन्हा एकदा होऊन जाऊ दे' म्हणतात. त्याने हिशोब केला, सोमवारच्या आधी साहेबांच्या मनात आपल्याला जागा मिळाली तर बरं. जपानी दुकानातून सीडी आणली आणि जाता-येता गाडीत घोकून गाणं बसवलं. ऑफिसात कुणाला पत्ता लागू दिला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी टीम कराओकेला गेली. छोटी बंद खोली, टेबलावर तळलेलं चिकन, हातोहात फिरणारा माइक. माइक हाती येताच उल्हासने त्या गाण्याचा नंबर दाबला.

पडद्यावर बंदर दिसलं आणि खोली चिडीचूप झाली. तानाबेने ग्लास खाली ठेवला. उल्हासला वाटलं, रंगतंय. डोळ्यांपुढे सोमवार होता, स्वानंदी होती, आणि सगळी भीती त्याच्या आवाजात उतरत होती. टाळ्या पडल्या, पण मोजूनमापून. साहेब टेबलाकडे बघत होते.

नागपूरचा प्रसाद या कंपनीत मुरलेला. तो कानाशी लागला, "अबे, हे काय केलंस तू? बॉसचं गाणं बॉसच गातो यार! यांच्यात दुसऱ्याचं ठरलेलं गाणं कोणी घेत नाही, अन् साहेबाचं तर नाहीच नाही. मला विचारायचं तरी!"

"सरप्राइज द्यायचं होतं रे," उल्हास कसाबसा म्हणाला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! तेवढ्यात माइक साहेबांपुढे आला. त्यांनी तो पुढे सरकवून दिला, गायलेच नाहीत. कोट उचलला आणि म्हणाले, "उल्हास-सान, जरा बाहेर या."

पार्किंगमध्ये बर्फ भुरभुरत होता.

"सर, आय अ‍ॅम सॉरी. मला माहीत नव्हतं—"

साहेबांनी हात वर केला. मग सावकाश, एकेक इंग्रजी शब्द जुळवत ते बोलू लागले. "तरुणपणी, जपानात, आमच्या ऑफिसात एक मुलगी होती. मी तिला कधीच काही सांगितलं नाही. तिच्या लग्नात भाषण केलं. सगळे म्हणाले, छान झालं. इतकी वर्षं हे गाणं म्हणताना मला वाटायचं, त्या माणसाच्या गप्प राहण्यात मोठेपणा आहे. आज तुम्ही म्हटलंत तेव्हा कळलं, तो नुसता घाबरलेला होता."

"मीच घाबरलो होतो, सर."

"हो. मीसुद्धा." साहेबांनी मान वर केली. "सोमवारी तुम्हाला बोलावतील. नोकरी वर्षअखेरपर्यंतच. आधी सांगायची मला परवानगी नाही. पण सोमवारपर्यंत थांबू नका. इथून जवळच, अ‍ॅन आर्बरच्या एका कंपनीत माझा मित्र आहे, उद्या सकाळी त्याला फोन करा. तो घेईलच असं नाही."

त्यांनी मित्राचं कार्ड दिलं, कमरेत वाकले आणि आपल्या गाडीकडे गेले. ज्याची धास्ती घेतली होती तेच झालं होतं, आणि धास्ती तसूभरही कमी झाली नव्हती. बाळ नाताळात येणार होतं. त्यानंतर काय? घरी जाताना ट्वेल्व्ह माइल रोडवर त्याने दोनदा गाडी बाजूला घेतली.

घरी स्वानंदी स्टुलावर पाय ठेवून बसली होती. "काय रे, गायलास का? साहेब काय म्हणाले?"

"छान झालं म्हणाले," हे शब्द अगदी ओठांवर आले. सवयीने त्याने स्क्रूड्रायव्हरही उचलला. मग त्याला बंदरावरचा तो माणूस आठवला, आणि त्याचा भयंकर राग आला.

"स्वानंदी, मला खूप भीती वाटतेय," तो म्हणाला. मग नोकरी, व्हिसा, अ‍ॅन आर्बर, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

ती त्याच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होती. उल्हासला वाटलं, चुकलोच, सांगायला नको होतं.

"ते स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट झाले होते रे," ती म्हणाली. "तू रोज पिळतोस आणि मी इथे बसून बघते. काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, तेव्हापासून मलाही भीती वाटतेय. पण मला वाटलं, तुला उगाच टेन्शन कशाला."

उल्हासने स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. दोघांचेही हात गार पडले होते.