ताईचं सुटलेलं जेवण

ताईच्या अंगावर फोड उठले तेव्हा कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "शरीराची राखण करणारी शक्तीच तुमच्यावर उलटलीय. गोळ्यांनी आवरेल. पण घास गिळताना दुखलं, तर लगेच या."

गोळ्या लागू पडल्या. फोड सुकले, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. ताई पुन्हा कीर्तनाला उभी राहिली, पेटीवर नेहमीसारखी धाकटी बहीण.

मग ताईच्या ताटात अन्न उरू लागलं. आधी कोरडं सुटलं, मग भात, शेवटी ती नुसत्या पातळावर आली.

"पुन्हा बोहल्यावर चढायचंय की काय? किती बारीक होशील!" धाकटी चिडवायची.

"खाली उतरत नाही गं," ताई म्हणायची आणि विषय हसण्यावारी न्यायची.

धाकटीला वाटलं, ताईची देहाची ओढच सुटत चाललीय. भाबडा जीव तो! एकदा भर कीर्तनात पेटी थांबवून तिने सांगून टाकलं, "आमच्या ताईने देवासाठी अन्न सोडलंय." सभागृह हेलावलं. बायका पाया पडायला पुढे आल्या. ताईने बोलायला तोंड उघडलं, बहिणीचा फुललेला चेहरा पाहिला आणि पुढचं पद धरलं.

पुढे एकदा निरूपणात तिने पाण्याचा घोट घेतला, तो तसाच उलटून आला.

दुर्बिणीची तपासणी करवून घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेरचे फोड सुकले, अन्ननलिकेतले चालूच राहिले. जखमा भरताना नळी आवळत गेली. आत फुगा फुगवून ती रुंद करून घेऊ, पण जपून. आतलं अस्तर जरा धक्का लागला तरी सोलवटतं. आणि नळी पुन्हा आवळू शकते. लवकर आला असतात, तर कदाचित औषधांवर भागलं असतं."

खाटेशी बसून धाकटीने विचारलं, "तू बोलली का नाहीस गं?"

"एवढ्या कौतुकाने सांगितलंस. चारचौघांत तुला खोटं पाडायचं जिवावर आलं. आणि पाया पडून घ्यायला बरंही वाटलं मेलं!"

पुढच्या कीर्तनाला धाकटी एकटीच गेली. "ताईचं व्रत नव्हतं," ती म्हणाली. "आजार होता. ती सांगत होती, मी ऐकलं नाही."

"म्हणजे देवासाठी नव्हतंच?" पुढे बसलेल्या आजींनी विचारलं.

"देवाने तिला जेवूच घातलं असतं हो, आजी."

फुगा घालून झाल्यावर काही दिवसांनी धाकटीने भात शिजवला, घोटून घोटून पेजेसारखा केला. ताईने चमचाभर तोंडात घेतला. धाकटी तिच्या गळ्याकडे टक लावून बसली.

"गेला?"

ताईने छातीवर हात ठेवला. "थांब गं. अजून वाटेत आहे."