हात न लावता

"हात न लावता एखाद्याला ढकलता येतं का?" मी नववीच्या वर्गाला विचारलं. प्लॅस्टिकची एक नळी दोऱ्याने टांगली होती, दुसरी माझ्या हातात. दोन्ही लोकरीच्या मफलरवर घासलेल्या. हातातली जवळ नेली, तशी टांगलेली मागे सरली.

"सारखे प्रभार एकमेकांना लांब लोटतात. अंतर निम्मं केलं की बल चौपट. प्रभाराभोवतीच्या मोकळ्या जागेत त्याचा जोर असतो, तेच विद्युत क्षेत्र. अंगाला शिवायच्या आधीच लागतं ते."

शेवटच्या बाकावर कुजबुज चालूच. माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही. नळी उगारून मी तरातरा तिकडे निघाले. बडबडणारी पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्या पुढच्या बाकावरची पोरगी मात्र दोन्ही हातांनी डोकं झाकून बाकाखाली गेली. मी तिच्यापासून चांगली चार हात लांब होते.

ही आमच्या गणिताच्या सरांची मुलगी. वर्ग तिला पेन्सिल म्हणतो, इतकी बारीक. बाही वर सरकली होती. दंडावर पट्टीचे वळ, काही जुने, काही अगदी ताजे.

"कुणी मारलं गं?" मी वाकून विचारलं. तिने बाही खाली ओढली.

गलका ऐकून शेजारच्या वर्गातून सर आले. "काय तमाशा लावलाय?" म्हणत त्यांनी सरळ तिची वेणी धरली आणि बाकाखालून खेचलं. तिचं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळी त्यांच्या मनगटावर अशी हाणली की तिचे दोन तुकडे झाले. त्यांनी फाडकन माझ्या मुस्काटात दिली. ओठ फुटला. मी कॉलर धरून त्यांना मागच्या भिंतीवर आदळलं, त्यांनी माझा हात पिरगाळला. दोन शिक्षक गुरांसारखे भिडलो होतो आणि सगळा वर्ग बघत होता.

मुख्याध्यापिका धावत आल्या, तसे सर बाजूला झाले. शर्ट नीट केला. "बाईंनीच आधी हात उचलला. विचारा पोरांना."

पोरांनी माना खाली घातल्या. गणिताचे मार्क सरांच्याच हातात. आणि नळी मीच आधी मारली होती, हे काही खोटं नव्हतं. आता मला घरी बसवतील आणि ही संध्याकाळी ह्याच माणसाबरोबर घरी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"मारामारी कुणी सुरू केली?" मुख्याध्यापिकांनी वर्गाला विचारलं.

पेन्सिल उभी राहिली. रक्त भुवईपर्यंत आलं होतं, ते तिने पुसलं नाही.

"बाबांनी," ती म्हणाली. "मी पहिलीत होते तेव्हा."