व्याह्यांनी दिलेले टायर

आमच्या व्याह्यांचा हात सढळ, त्याबद्दल त्यांना नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण त्या सढळ हातापायी माझा नवरा जाता जाता राहिला, हेही खरंच.

शेरगाझी, म्हणजे माझ्या लेकीचे, जिबेकचे सासरे, ऑक्टोबरात घाटापलीकडच्या आत-बाशीहून आले ते जीपच्या टपावर चार टायर बांधूनच. केवढाले टायर! कुत्र्याचं पिल्लू बसेल एवढ्या खाचा. अख्खं गाव बघायला जमलं. "विहीणबाई, आता घाट काय घेऊन बसलात, तुमची गाडी सरळ डोंगर चढेल!" असं म्हणून त्यांनी टायरवर थाप मारली. आमच्या म्हाताऱ्याची छाती फुगली. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी म्हातारा म्हणते. साठीचाच आहे बिचारा.

दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं बसली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा दोलोनचा घाट ओलांडून नारीनच्या इस्पितळात जायचं, तिथं यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. एक खेप चुकली की तोंडावर सूज येते. दोन चुकल्या तर काय होतं, ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय. त्यामुळे बर्फ पडो की आभाळ पडो, मिर्लान, माझा मुलगा, बापाला घेऊन निघणारच.

नोव्हेंबर संपता संपता घाटातला बर्फ कोळशाच्या ट्रकांनी दाबून दाबून आरशासारखा झाला. त्या दिवशी मी मागे बसले होते. चढ झोकात गेला. चारही चाकं ओढणारी गाडी, चढायला तिला काय धाड भरलीय! उतारावर समोर एक ट्रक उभा दिसला आणि मिर्लाननं ब्रेक दाबला. गाडीला पत्ताच नाही. व्याह्यांचे ते राक्षस बर्फावरून साबणाच्या वडीसारखे सुळकन निघाले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आमचं नाक ट्रकच्या ढुंगणाशी टेकलं होतं आणि ट्रकवाला खाली उतरून मिर्लानच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता.

"हे टायर आजच्या आज काढायचे," मी म्हणाले.

"व्याह्यांनी दिलेत," म्हातारा म्हणाला.

"मग काय त्यांच्यावर बसूनच कबरीत जायचंय तुम्हाला?"

"हळू बोल. त्यांची भेट आपण फेकली असं कळलं तर पोरीला त्या घरात काय काय ऐकून घ्यावं लागेल? आणि गाडी फोर-व्हील आहे, चारही चाकं ओढतात."

"ओढतात हो! थांबवतं कोण?"

"चल रे, यंत्राची वेळ टळेल," म्हणून त्यानं मिर्लानला गाडी काढायला लावली.

इस्पितळात त्याला यंत्राला जोडलं की तो काही तास हलू शकत नाही. एरवी मला ते बघवत नाही, पण त्या दिवशी म्हटलं, हीच संधी. मिर्लानला दंडाला धरून टायरबाजारात नेलं. तिथं थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. मी एकेक टायर नखानं दाबून बघितला. व्याह्यांच्या टायरला नख लावलं तर नखच दुखलं, थंडीत त्याचं लाकूड झालं होतं. हिवाळी टायर मात्र तेवढ्याच थंडीत मऊ होते, काहींना तर बर्फात रुतायला बारीक लोखंडी खिळेही बसवलेले.

"बिनखिळ्यांचे घ्या," दुकानदार म्हणाला. "आवाज होत नाही, शहरातल्या कोरड्या रस्त्यावर छान चालतात."

"आम्हाला शहरात मिरवायचं नाही. दोलोन उतरायचाय. खिळ्यांचे दाखव."

मिर्लान कानाशी लागला, "आई, पुढे दोनच घालू. मागे व्याह्यांचे राहू देत. तुझंही होईल, त्यांचाही मान राहील."

"घोड्याला दोनच पायांत नाल मारतोस का रे? पुढचे पाय थांबले आणि मागचे निघाले तर तोंड कुठे होईल तुझं?"

चारही घेतले. घरी जाताना घाटात मिर्लाननं मुद्दाम ब्रेक दाबून बघितला. खिळ्यांनी कर्र केलं आणि गाडी जागच्या जागी उभी. माझा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्यालाही बरं वाटलं असणार. व्याह्यांचे टायर गोठ्यात गवताखाली गेले.

मग जानेवारीत निरोप आला, जिबेकच्या बाळाला पाळण्यात घालायचंय, या. झालं! म्हाताऱ्यानं मिर्लानला हुकूम सोडला, "व्याह्यांचे टायर चढव. त्यांच्या दारात त्यांच्याच टायरवर जायचं."

"मी दारात आडवी पडेन," मी म्हणाले. "आधी माझ्यावरून घाला ते टायर."

"अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे!"

"ट्रकखाली जायला दिवस कशाला लागतो?"

मिर्लान म्हणाला, "जुने टायर टपावर टाकू आणि आत-बाशीच्या वेशीवर बदलू." त्याच्याकडे मी असं बघितलं की तो चहा ढोसायला निघून गेला. शेवटी खिळ्यांवरच निघालो. पण खरं सांगते, घाट उतरल्यावर मलाही वाटलं, मिर्लानचं ऐकायला हवं होतं. जिबेक आमची एकुलती एक लेक. आम्ही पाठ फिरवल्यावर त्या घरात तिलाच राहायचं होतं.

शेरगाझींचं अंगण बर्फ झाडून लखलखीत केलेलं. आमची गाडी आत शिरली ती खिळे टकटक वाजवत. पाहुणे वळून बघायला लागले. शेरगाझी पायऱ्या उतरून आले, मिठी मारायला पसरलेले हात तसेच राहिले, आणि नजर चाकांवर. म्हातारा गाडीतून कसाबसा उतरला आणि टोपी काढून म्हणाला, "व्याही, माफी असावी. तुमची भेट..."

शेरगाझी मटकन पायरीवर बसले.

"काढलेत?" ते म्हणाले. "खरंच काढलेत? अल्ला, तुझे उपकार!"

आम्ही बघतच राहिलो.

"मी ते उन्हाळ्यात घेतले हो, रुबाब बघून. तसलेच माझ्या जीपलाही घातले. पहिल्याच बर्फात गाडी ओढ्यात गेली. तेव्हापासून तुम्ही घाटात असाल त्या त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता."

"मग सांगायचं ना!" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"काय सांगू, विहीणबाई? व्याह्यांना दिलेली वस्तू परत काढा म्हणून? लोक म्हणतील, शेरगाझीनं देऊन हिसकावून घेतलं."

म्हणजे इकडे आम्ही त्यांच्या मानासाठी मरायला निघालो होतो आणि तिकडे ते लोकलाजेसाठी गप्प बसले होते. मला हसू की रडू कळेना. मी हसले, मोठ्यानं हसले, आणि शेरगाझीही डोळे पुसत हसायला लागले. त्यांनी म्हाताऱ्याला अशी मिठी मारली की मला त्याच्या बरगड्यांची काळजी वाटली.

तेवढ्यात जिबेक बाळाला घेऊन बाहेर आली. बाप अजूनही टोपी हातात धरून उभा, तिच्यापुढे अपराध्यासारखा. "पोरी, मला वाटलं तुला इथं बोलणी बसतील," तो म्हणाला.

"बोलणी खाऊन कुणी मरत नाही, बाबा," ती म्हणाली. सासऱ्यांसमोर सून इतकं मोठ्यानं बोलत नाही, पण ती बोलली. "मला बाप हवाय. माझा मान मी बघून घेईन."

शेरगाझींनी मान हलवली. "बरोबर बोलतेय," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं बाळाला घेतलं. त्याच्या हातांत हल्ली जोर नसतो, म्हणून मी खालून हात धरला. त्यानं वाकून त्या इवल्याशा कपाळाला ओठ टेकले. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात येतो याला बघायला. आणि उन्हाळ्यात घोड्यावर बसवीन."

दोन वर्षांत त्याच्या तोंडून उद्याच्या पलीकडची गोष्ट मी ऐकली नव्हती. मला भर अंगणात रडू फुटलं आणि शेरगाझींच्या बायकोनं, माझ्या विहिणीनं, मला कवेत घेऊन आत चुलीपाशी नेलं.