चाकाची आतली बाजू

आमच्या घरात मला चौकशी खिडकी म्हणतात. हे नाव दादाने ठेवलं, मी शाळेत असताना, आणि ते इतकं चिकटलं की वहिनीसुद्धा लग्नानंतर आठवड्याभरात तेच म्हणायला लागली. मला त्याचं काही वाटत नाही. एखादी गोष्ट का झाली हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ज्यांच्या उतरतो त्यांचं मला नवल वाटतं.

डोंगरमाथ्यावरच्या मोबाइल टॉवरना डिझेल आणि बॅटऱ्या पोचवणं हा आमचा घरचा धंदा. त्यासाठी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना फोर बाय फोर ट्रक आहे. तो वयाने माझ्याहून मोठा आणि अप्पांचा माझ्याहून लाडका. आधी तो अप्पा चालवायचे, त्यांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर दादा, आणि आता मी. दादाकडून तो माझ्याकडे कसा आला, हा विषय घरात कुणी काढत नाही.

दादाच्या हातात असताना मागच्या डाव्या चाकाचे स्टड तुटायचे. स्टड म्हणजे चाक ज्यांच्यावर अडकवून नटांनी आवळतात ते जाड बोल्ट. एक तुटायचा, नवा बसायचा, काही महिन्यांनी दुसरा. अप्पा म्हणायचे, तू गाडी खड्ड्यात आपटतोस. दादा म्हणायचा, नाही आपटत. शेवटी एकदा घाट उतरताना चाकच निघालं. अप्पा शेजारीच बसले होते. ट्रक दरडीला टेकून थांबला, कुणाला खरचटलंही नाही. पण घरी आल्यावर अप्पांनी अंगणात, सगळ्यांदेखत, किल्ली मागून घेतली. "तुझा हात जड आहे," म्हणाले. "हे काम तुझं नाही."

दादाने वाद घातला नाही. शहरात जाऊन एका गोदामात नोकरी धरली. वाईट हे की त्याला ते पटलं. तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्यांची छोटी गाडी वहिनी चालवते आणि हा शेजारी बसतो, मांडीवर पिशवी घेऊन. लेकीला शाळेत सोडायचं असलं तर तिला घेऊन पायी निघतो. त्याला तसं बघितलं की मला राग येतो, आणि तो नेमका कुणाचा हे आजवर ठरलेलं नव्हतं.

मी गाडी हळू चालवते. टॉवरवरचा रखवालदार म्हणतो, मी पोचेपर्यंत डिझेल शिळं होतं. तर परवा माझ्या हातातही त्याच चाकाचा स्टड तुटला.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. गोगलगायीच्या चालीने जाणाऱ्या माझ्याकडूनही तो तुटत असेल, तर दोष हाताचा नव्हे, दुसऱ्या कशाचा तरी असणार. पण "कशाचा तरी" म्हणून अप्पांपुढे जाण्यात अर्थ नव्हता. ते मलाही उतरवून मोकळे झाले असते. म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि तुटका तुकडा घेऊन टायरवाल्याकडे गेले.

या टायरवाल्याला सगळे वकील म्हणतात, कारण तो कुठल्याही बाजूने बोलू शकतो. आधी म्हणाला, हल्ली माल हलका येतो. मग म्हणाला, तुम्ही फार आवळता. मग म्हणाला, तुम्ही कमी आवळता. मी तुकडा त्याच्या दिव्याखाली धरला. तुटलेल्या जागी निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि तांबूस होता, त्यावर बारीक रेषा. उरलेला कडेचा भाग तेवढा चकचकीत, खरबरीत. तो बघून वकिलाने बाजू बदलणं सोडलं. हा एका दणक्यात तुटलेला नाही, म्हणाला, कित्येक दिवस थोडा थोडा चिरत होता. म्हणजे खड्ड्याची गोष्ट संपली. चाक आपल्या जागी किंचित हलत असणार आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड जरासा वाकत असणार. लोखंडाची तारसुद्धा इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटते.

चाक हलतं म्हणजे नट सैल होतात. का होतात? वकिलाकडून मी टॉर्क रेंच मागून आणला, ठरलेल्या जोरावर टक्क करणारा पाना. नवा स्टड बसवला, सगळे नट समोरासमोरचे घेत आवळले आणि प्रत्येक नटावरून रिमवर खडूची एक सरळ रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल, असा माझा हिशेब. नेहमीचा माल भरून नेहमीच्या टॉवरला जाऊन आले.

रेघा सगळ्या जिथल्या तिथे होत्या. एकही नट केसभर फिरला नव्हता. आणि पाना लावला तर तो टक्क न करता सहज पुढे सरकला. नट सैल होते.

मी ट्रकशेजारी फतकल मारून बसले. आईने दोनदा जेवायला हाक मारली. फिरल्याशिवाय नट सैल होतो कसा? आईला विचारलं तर म्हणाली, मेल्या नटाचं मला काय विचारतेस, पिशवीतली डाळ खाली बसली की तोंडाची गाठ न सुटताच सैल पडते, तसलं काहीतरी असेल. आणि ती आत गेली. मी जेवण सोडून जॅक लावला.

चाक काढलं आणि आतली बाजू बघितली. आमच्याकडे दरवर्षी अप्पा चाकं रंगवतात. गाडी चालवणं सुटल्यापासून तेवढंच काम त्यांच्याकडे उरलंय, आणि ते ते जीव ओतून करतात. स्टुलावर बसून, बारीक ब्रशने. इतर लोक दिसतं तेवढं रंगवतात. अप्पा चाकं उतरवून घेतात आणि आधी आतली बाजू रंगवतात, कारण गंज तिथूनच लागतो. जिथे रिम आतल्या ब्रेकच्या ड्रमला चिकटून बसतं, तिथेसुद्धा त्यांचा रंग होता. रिमलाही आणि ड्रमलाही. डाव्या मागच्या चाकाला सगळ्यात जास्त, कारण चिखल तिकडे जास्त उडतो म्हणून त्याला दरवेळी एक हात जादा. स्टडच्या भोकांभोवती तो रंग दबून बाहेर आला होता आणि त्याच्या कडेला वर्षावर्षाचे थर दिसत होते. रुपेरी, खाली पांढरा, खाली लाल, खाली पुन्हा रुपेरी.

आईची डाळ ती हीच. आपण नट आवळतो ते या रंगावर. गाडी चालली की रंग दबतो, पातळ होतो, आणि नट न फिरताच त्याची पकड जाते. एखाद्या आळशी माणसाने बाहेरून चार फटकारे मारले असते, तर आमचा एकही स्टड तुटला नसता.

मला हसू आलं, आणि मग अप्पांचं स्टूल आठवून ते गेलं. तरी खात्री हवी होती. रिम आणि ड्रम जिथे एकमेकांना टेकतात तेवढी जागा खरवडून, पॉलिश पेपरने घासून उघडं लोखंड केलं. तेच नट, तोच जोर, तोच माल, तोच रस्ता. थोडं अंतर गेल्यावर एकदा थांबून नट पुन्हा तपासले, कारण नव्याने बसवलेलं चाक जरा जागा घेतं. परत येऊन पाना लावला. पहिल्याच नटावर टक्क. शेवटच्यावरही टक्क.

मग मी अप्पांना अंगणात बोलावलं. काही सांगितलं नाही, पाना त्यांच्या हातात दिला. उजव्या मागच्या चाकावर अजून त्यांचा रंग होता. तिथे पाना सरकला. डाव्यावर टक्क झाला. त्यांनी परत उजवा बघितला, परत डावा. मग मी सगळं सांगितलं, रंगासकट. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी फक्त उजवं चाक उतरवायला सांगितलं आणि स्टूल ओढून स्वतः खरवडायला बसले. चारही चाकं झाल्यावर हात पुसत म्हणाले, दादाकडे जाऊ या.

दादाच्या घरी मीच सगळं बोलले, अप्पा भिंतीकडे बघत होते. तुटका स्टड मी बरोबर नेला होता. दादाने तो उलटसुलट करून पाहिला, रंगाच्या थरांबद्दल विचारलं, खडूच्या रेघांचं ऐकून "वा" म्हणाला. एखाद्या परक्या गाडीबद्दल ऐकावं तसं ऐकलं त्याने. मग तुकडा टेबलावर ठेवून त्याने अप्पांना विचारलं, "मग त्या दिवशी घाटात मी जोरात नव्हतो?"

"नव्हतास," अप्पा म्हणाले. "मी शेजारीच होतो. तू अगदी सावकाश उतरवत होतास."

"तेव्हाही माहीत होतं तुम्हाला?"

"होतं. पण दुसरं काही कारण सापडेना."

स्वयंपाकघरातून वहिनी दाराशी आली. माझा राग कुणावर आहे हे मला त्या क्षणी कळलं, पण अप्पांचा चेहरा बघून तो काढता येईना. दादाचे कान लाल झाले होते. तो कधी चिडत नाही, आणि तेव्हा चिडलेला बघून मला बरं वाटलं. "मी किती रात्री तो घाट डोक्यात उतरवला असेल," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी आणखी हळू."

दादा उठला, वहिनीच्या पर्समधून गाडीची किल्ली घेतली, आणि कुणाकडेही न बघता जिना उतरून गेला. खाली छोटी गाडी सुरू झाली. सुरू होऊन बराच वेळ जागीच उभी राहिली. मग निघाली. पहिला गिअर, दुसरा, वळणाआधी पुन्हा पहिला, कुठेही गचका नाही. अप्पा मान कलती करून तो आवाज ऐकत होते, कोपऱ्यापलीकडे तो पुसट होईपर्यंत. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

दादा परत यायला खूप वेळ लागला. आम्ही थांबलो.