मूठ उघडणारी नळी

"पितळ! पितळेच्या कांडीवर रबर चढवलंस? अरे, विद्यापीठात शिकवतात तरी काय तुम्हाला?"

ओर्ट्रून केसलरने नळी चिमटीत दाबली आणि सोडली. नळी चिकटली ती चिकटलीच. बोटाला गुळाच्या पाकासारखी तार सुटली.

"कांडी एकदम सरळ होती, फ्राउ केसलर," हेनिंग म्हणाला. "लेथवर कातून घेतलेली. आरशासारखी."

"मग तोंड बघायचं होतंस तिच्यात. पितळेत तांबं असतं, आणि तांबं रबराला खातं. आमच्या फुग्यांच्या कारखान्यात पितळी बटणांचा झगा घालून आलेल्या बाईला दारातूनच परत पाठवायचे. काच घे म्हणून तुला दोनदा सांगितलं. तू मान हलवलीस, डॉक्टरसाहेब."

"मी अजून डॉक्टर झालेलो नाही."

"ते दिसतंयच."

खिडकीजवळच्या खुर्चीतून तिचा नवरा फोल्कमार हसला. "भांडा, भांडा. मला कुठं जायचंय?"

हेनिंगचे कान लाल झाले. पाच महिने तो एका नळीच्या मागे लागला होता. पक्षाघाताने मिटलेली बोटं उघडणारा हातमोजा त्याला करायचा होता. बोटांच्या पाठीवर कापडाच्या अरुंद पिशव्या, पिशवीत नळी, नळीत हवा. बस, एवढंच. पण दुकानातल्या नळ्या जाड आणि आडमुठ्या, हवा भरली तरी ढिम्म. एका कंपनीकडे पातळ होती, पण ते दहा हजार मीटरच्या खाली बोलायलाच तयार नव्हते. जत्रेत पिळून कुत्री-मांजरं करतात तसले लांबडे फुगेही आणून झाले. ते एकीकडे फुगायचे, दुसरीकडे नाही. सोमवारी त्याचे विद्यापीठातले वरिष्ठ हातमोजा बघणार होते. चालला नाही तर काम बंद. आज शनिवार.

आणि ओर्ट्रूनला काय हवं होतं? फोल्कमारचा डावा हात पक्षाघाताने तीन वर्षं मिटलेला होता. रोज सकाळी कोमट पाण्यात धरून ती एकेक बोट जरासं उचलायची, फटीतून नखं कापायची. तेवढंच.

"ऊठ," ती म्हणाली. "डबा आणलायस ना रबराचा? माळ्यावरून ती लांब पेटी काढ. सांभाळून! माझ्या नवऱ्याच्या हातच्या आहेत."

पेटीत गवतावर काचेच्या कांड्या होत्या. पेन्सिलीहून बारीक, हातभर लांब. फोल्कमार गावातला काचवाला, फुंकनळीवर चाळीस वर्षं काढलेला. ह्या कांड्या त्यानेच दिव्याच्या ज्योतीवर काच तापवून ओढलेल्या. हेनिंगने एक उजेडात धरली. कुठं सुरू होते नि कुठं संपते, कळेना.

ओर्ट्रूनने कांड्या आधी क्षाराच्या पाण्यात बुडवून वाळवल्या, रबर धरावं म्हणून. मग दुधासारख्या रबराच्या उभ्या भांड्यात एक सोडली आणि वर काढू लागली.

"किती सेकंद?" हेनिंगने घड्याळ काढलं.

"गप्प."

ती पुटपुटत होती. "सोनेबेर्ग... श्टाइनाख... लाउशा... एर्न्स्टताल..." रेल्वेची स्टेशनं. एका स्टेशनाला एक बोटभर कांडी वर. कारखान्यात बाराजणी एका रांगेत उभ्या राहून हेच म्हणायच्या. घाई केली की ओघळ येतो, थांबलं की कडं पडतं. हात नुसता वर जात होता, ढगामागून चंद्र सरकावा तसा. हेनिंग घड्याळाकडे बघायचंच विसरला.

कोमट पाण्यात धुणं झालं, ओव्हनमध्ये वाळवणं झालं. मग तिने फडताळातून बटाट्याचं पीठ काढलं, रविवारच्या जेवणातल्या उकडलेल्या गोळ्यांसाठी ठेवलेलं.

"हे कशाला?"

"तुझ्या डोक्यावर टाकायला." चिकटू नये म्हणून पीठ चोळत तिने मोज्यासारखी नळी गुंडाळत उलटी काढली. तळहातावर ठेवली. वजनच लागेना. तिने नळीचं एक टोक दाबून दुसरीकडून फुंकर मारली आणि नळी खिडकीपुढे धरली. नळी भरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, आणि तिच्यातून खिडकीची चौकट दिसली, पलीकडचं देवदाराचं झाड दिसलं.

"आईशप्पथ," हेनिंग हळूच म्हणाला.

तशा चार नळ्या पिशव्यांत गेल्या, टोकं दोऱ्याने आवळली, चारींची तोंडं एका लांब नळीला जोडली. ओर्ट्रूनने फोल्कमारचा हात कोमट पाण्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग मुठीच्या पाठीवर मोजा बांधला. तळव्याची बाजू उघडीच होती. हेनिंगने पंप काढला.

"तो नको," फोल्कमार म्हणाला. "एवढ्या नाजूक मालाला यंत्र लावतोस? आण इकडं."

त्याने नळीचं तोंड ओठात धरलं. तोंडाची डावी बाजू ढिली होती, ती उजव्या हाताने चिमटीत धरली. गाल फुगले. एका दमात नाही. काचेत श्वास भरतात तसा, थांबत, अंदाज घेत, अजून थोडा.

करंगळी हलली.

मग तिच्या शेजारचं बोट. मग दोन्ही मिळून. कुणी ओढत नव्हतं, कुणी जोर लावत नव्हतं. त्याचाच श्वास त्याचीच बोटं उचलत होता. अंगठा नाही उघडला. पण बाकीची चार उघडली, आणि ओर्ट्रूनला तळवा दिसला. आख्खा. पांढराफटक, बाळाच्या टाचेसारखा मऊ. त्यात नखांचे चार खड्डे.

हेनिंगने नळीला चिमटा लावला. ओर्ट्रूनने आपला पीठ लागलेला हात त्या तळव्यावर ठेवला.

"गार आहे तुझा," फोल्कमार म्हणाला.

"तुला कळतंय?"

"मग? तीन वर्षांनी आलीस."

हेनिंगने एकदा बाहेर बघितलं, एकदा दप्तराकडे. "फ्राउ केसलर... मोजा न्यावा लागेल. सोमवारी..."

"ने की. तुझाच आहे."

त्याने चिमटा काढला. हवा सुस्कारत निघून गेली. बोटं एकेक करून खाली आली, तिच्या हाताभोवती, घट्ट. तिने हात काढला नाही.

हेनिंग मोज्याचा बंद धरून वाकलेला; तिचा हात निघाल्याशिवाय मोजा काढता येईना, तो तसाच उभा राहिला.

"फ्राउ केसलर," तो म्हणाला, "मला आता निघायला हवं."